कडी कुठं अडकलीय?

वाचकांचे प्रश्न, माईंची उत्तरं

यावेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे. आमचं घर विकून पैसे येत नाहीत म्हणून दुसरं घेता येत नाही, आणि आमचं घेणाऱ्याचं स्वतःचं विकलं जात नाही म्हणून तो आमचं घेत नाही. म्हटलं यावेळी हाच विषय घेऊ. मी बँकेत लोनच्या टेबलावर आयुष्य काढलं, त्यामुळे अशी रडगाणी ऐकायची सवय आहे मला. पोस्टाच्या स्कीमचे आणि मुलांच्या नावावरच्या एफडीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : माई नमस्कार. आमचा फोंड्यात टू बीएचके फ्लॅट आहे. मुलं मोठी झाली, सासूबाईपण आता आमच्याकडेच असतात म्हणून माशेलला एक रो-हाउस बघितलं, ८२ लाखांना ठरलं. आमचा फ्लॅट ५४ लाखांना वास्कोच्या एका जोडप्याला द्यायचा ठरलाय, पण त्यांचा वास्कोतला फ्लॅट विकला की मगच ते पैसे देणार, आणि त्यांचं गिऱ्हाईक बँकेच्या लोनसाठी थांबलंय. माशेलचं घर दोघा भावांच्या नावावर आहे, थोरले इथंच असतात, धाकटे इंग्लंडला, स्विंडनमध्ये. आम्ही ५ लाख टोकन दिलं, ऍग्रीमेंटमध्ये लिहिलंय चार महिन्यांत बाकीचे पैसे. तीन महिने गेले. कुणालाही फोन केला की 'होतंय, पुढच्या आठवड्यात'. मिस्टरांचं बीपी वाढलंय, मी रात्री दोनला उठून हिशोब करत बसते. अर्धी भांडी खोक्यांत भरलीयत, रोज काहीतरी लागतं आणि एक खोकं फोडावं लागतं. काय करू सांगा. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : खोक्यांचं वाचून हसू आलं, माफ करा, कारण आमच्याकडे २००४ साली अगदी हेच झालेलं. आदोळी कुठल्या खोक्यात गेली ते कुणालाच आठवेना, आणि घरात पाहुणे, आणि मी शेजारणीकडून नारळ खवून आणतेय असे पंधरा दिवस काढले. तेव्हा पहिलं काम, स्वयंपाकघरातली खोकी फोडा आणि सगळं परत मांडणीवर लावा. हिवाळ्याच्या रजया, अल्बम, पाहुण्यांचे कप, ते राहूदे खोक्यात. घर तयार ठेवायचं म्हणून संसार बंद करून बसायची गरज नाही. पावसाळा आला तर त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते ते वेगळंच.

आता कामाचं. साखळी म्हटलं की आपल्याला डिचोलीकडचं साखळी आठवतं, तिथं पोचायला निदान बस तरी आहे. ही साखळी कागदावर काढल्याशिवाय दिसत नाही. एक वही घ्या आणि ओळीनं पाच गोल काढा. पहिला गोल वास्कोचं लोनवालं गिऱ्हाईक, दुसरा तुमचं वास्कोचं जोडपं, तिसऱ्यात तुम्ही, चौथ्यात माशेलचे थोरले, पाचव्यात स्विंडनचे धाकटे. प्रत्येक गोलाखाली लिहा की आत्ता कुठला कागद हवाय, तो कुणाच्या टेबलावर आहे, कधीपासून आहे. तुम्हाला लिहिता येणार नाही. मला खात्री आहे दोन गोलांखाली तरी तुम्ही 'माहीत नाही' असंच लिहाल. ते 'माहीत नाही' रात्री दोनला उठवतं तुम्हाला.

म्हणून फोन केला की 'कधी होणार' हे विचारायचं बंद करा. त्याला 'पुढच्या आठवड्यात' हेच उत्तर आहे, ते खोटंही नसतं, त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं. विचारा, कुठला कागद राहिलाय आणि तो कोण देणार. माझ्या नोकरीत एक व्यवहार बघितला, तीन कुटुंबं महिनाभर अडकली होती, प्रत्येकजण दुसऱ्याला शिव्या घालत होता, आणि अडलं होतं कशावर तर एका सोसायटीच्या एनओसीवर. सेक्रेटरी मुलीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेलेले आणि सोसायटीचा रबर स्टॅम्प त्यांच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, डब्याला कुलूप नाही पण कपाटाला होतं. शेवटी त्यांनी शेजाऱ्याला किल्ली कुठं ठेवलीय ते फोनवर सांगितलं आणि चेअरमननी सही करून शिक्का मारला. दहा मिनिटांचं काम. पण कुणी विचारलंच नव्हतं कागद कुठंय म्हणून.

तुमच्याकडे बघा, तुम्ही मध्ये आहात आणि दोन्ही बाजूंची दुखणी वेगवेगळी आहेत. डावीकडे पैशाचं, उजवीकडे सहीचं. सगळे पैशाच्या बाजूला डोळे लावून बसतात, लोन झालं का लोन झालं का. लोन आज ना उद्या होतं किंवा नाही म्हणून तरी कळतं. मला काळजी वाटते ती स्विंडनची.

पहिला प्रश्न, ऍग्रीमेंटवर धाकट्या भावाची सही आहे का? नुसती थोरल्यांची असेल तर धाकट्याच्या हिश्शाला ते ऍग्रीमेंट बांधत नाही, म्हणजे ५ लाख तुम्ही अर्ध्या घरमालकाला दिलेत. दुसरा, दोघांच्या बायकांच्या सह्या आहेत का? आपल्याकडे गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते आणि नवऱ्याला एकट्याला बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. बाहेरून आलेल्या लोकांना हे माहीत नसतं ते ठीक, पण आपले गोंयकारसुद्धा 'घर माझ्या नावावर आहे' म्हणून निर्धास्त असतात. तेव्हा चार सह्या धरा, दोन नाही. तिसरा, घर वडिलांकडून आलंय का? आलं असेल तर वारसांचा कागद झालाय का विचारा. सगळे एकमतानं असतील तर स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन होतं, नाहीतर वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी, २०१२ च्या आपल्या वारसा कायद्याखाली, आणि इन्व्हेंटरी ही काय चार महिन्यांत बसणारी गोष्ट नाही. बहिणी आहेत का तेही विचारा. लग्न होऊन गेली म्हणून बहिणीचा हिस्सा जात नाही, आणि तिच्या नवऱ्याचीही सही लागते. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कुणाचं आहे ते स्वतः बघा, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

धाकट्यांना सहीसाठी यायला जमत नसेल तर पॉवर ऑफ ऍटर्नी. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचा तिथला सरकारी शिक्का, लावून घ्या, आणि तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं स्टॅम्प ड्युटी भरायची. हा तीन महिन्यांचा नियम लोक विसरतात, कागद कपाटात पडून राहतो आणि मग परत पहिल्यापासून. मजकूर तुमच्या वकिलाला आधी दाखवा, 'विकायचा, सही करायचा, रजिस्ट्रारपुढे हजर राहायचा, पैसे घ्यायचा अधिकार' हे सगळं त्यात हवं. एक शब्द राहिला की सब-रजिस्ट्रारच्या खिडकीवरून माघारी.

आणि एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना कळते. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर विकत घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापून सरकारात भरायचा, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्का त्याला लागू नाही, त्याचा टीडीएस खूप जास्त कापावा लागतो, त्याला ५० लाखांची अटही नाही, आणि नाही कापला तर आयकर खातं तुम्हाला धरणार, त्याला नाही. धाकटे कमी दराचं सर्टिफिकेट आयकर खात्याकडून आणू शकतात, पण त्याला आठवडे लागतात. ते आज अर्ज करतायत का विचारा. त्यांचा पासपोर्ट पोर्तुगीज असेल, स्विंडनच्या आपल्या खूप लोकांचा आहे, तर ओसीआय कार्डाचंही, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डाचं, विचारून ठेवा. मला वाटतं तुमच्या पाच गोलांत सगळ्यात सावकाश चालणारा कागद म्हणजे ते टीडीएसचं सर्टिफिकेटच निघणार, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल आत्तापर्यंत तुम्हाला एकानंही फोन केला नसेल.

आता तारखा. तुमच्या माशेलच्या ऍग्रीमेंटमध्ये चार महिने लिहिलंय. आणि वास्कोच्या जोडप्याबरोबरच्यात काय लिहिलंय? पत्रात नाही म्हणून अंदाज करते, 'आमचा फ्लॅट विकल्यावर' असं तोंडी ठरलं असणार, किंवा लेखी असेल तर तारीख नसणार. म्हणजे तुम्ही एका बाजूला तारखेनं बांधलेले आणि दुसऱ्या बाजूला मोकळी दोरी. तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ मला इथं दिसतं, बाकीचे उशीर तर होतच राहतात. पुढच्या वेळी कुणीही असा व्यवहार करणार असेल तर घेण्याची तारीख विकण्याच्या तारखेच्या निदान दोन महिने पुढे ठेवा, आणि घेण्याच्या ऍग्रीमेंटमध्येच लिहा की आमचा फ्लॅट अमुक तारखेपर्यंत विकला गेला नाही तर टोकन इतक्या दिवसांत परत. समोरचा कुरकुरेल, पण टोकन द्यायच्या आधी कुरकुरला तर तेव्हा आपल्या हातात काहीतरी असतं.

तुमच्या बाबतीत एक महिना उरलाय, तो वाया घालवू नका. मुदत संपायच्या आधी मुदतवाढीचा पुरवणी करार करून घ्या, चौघांच्या आणि तुमच्या दोघांच्या सह्यांनी. मूळ ऍग्रीमेंट रजिस्टर केलेलं असेल तर पुरवणीपण रजिस्टर करायची का ते वकिलाला विचारा. व्हॉट्सॲपवर 'ओके दादा नो प्रॉब्लेम' आलंय त्यावर बसू नका, तो दादा उद्या जास्त भावाचं गिऱ्हाईक आलं की तोच मेसेज विसरतो. थोरल्यांना स्पष्ट सांगा, उशीर आमच्याकडून आहे तसा तुमच्याकडूनही आहे, धाकट्यांची पॉवर अजून आलेली नाही. हे भांडण म्हणून नाही, पण हा मुद्दा तुमच्या बाजूनं जड आहे, तो वापरा. जास्तीचं टोकन मागितलं तर चारही सह्या झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि वास्कोच्या जोडप्याबरोबर तारीख घालून लेखी करा, त्यांच्या गिऱ्हाइकाचं बँकेचं सँक्शन लेटर झालंय का ते बघायला मागा. कॉपी दाखवायला टाळाटाळ करत असतील तर मनात दुसरं गिऱ्हाईक शोधायला सुरुवात करा, आणि सँक्शन झालं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते ती बघा, ती उलटली की बँक परत पगाराच्या स्लिपा मागते आणि महिना गेलाच.

ब्रिज लोनचं तुम्ही विचारलेलं नाही पण कुणीतरी सुचवणारच, काही बँका देतात, जुनं घर विकलं जाईपर्यंत पैसे. माझं मत विचाराल तर नको. वास्कोचं रजिस्टर ऍग्रीमेंट हातात असतं आणि नुसता महिन्याभराचा प्रश्न असता तर म्हटलं असतं घ्या. तुमच्या साखळीत दोन कड्या अजून हवेत आहेत, दोन घरांचा बोजा घेऊन मिस्टरांचं बीपी काय खाली येणार?

एक बरं आहे, फोंड्याचा फ्लॅट आणि माशेलचं घर दोन्ही फोंडा तालुक्यातच, म्हणजे सब-रजिस्ट्रारचं ऑफिस एकच. दोन्ही सेल डीड, म्हणजे विक्रीखतं, एकाच दिवशी लावता येतात, सकाळी विकायचं, दुपारी घ्यायचं. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते तेव्हा दोन्ही एकदमच घ्या. पूर्वी आम्ही डिमांड ड्राफ्ट घेऊन बँक बंद व्हायच्या आत पोचायला धावायचो, आता डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालू असतं, तेवढा एक ताप गेला. मात्र पितृपक्षात तारीख मागू नका, आपण पाळत नसलो तरी समोरच्या चौघांत एकजण पाळणारा निघतोच, आणि दसऱ्याला मग सगळ्यांना एकदम सही करायची असते. मुलं सहावी ते दहावीत असतील तर शाळेचंही धरा, २०२५ पासून त्यांचं वर्ष एप्रिललाच सुरू व्हायला लागलंय, मे महिन्यात हलवू म्हणून बसलात तर उशीर होईल. नाहीतर या वर्षी याच शाळेत राहूदेत, फोंडा-माशेल काही लांब नाही.

रात्रीचा हिशोब संध्याकाळी सातला करा, वहीत, मिस्टरांबरोबर, अर्धा तास. दोनला जाग आली तर वही उघडायची नाही, आकडे तेच असतात.

प्रश्न : आमचा पर्वरीचा फ्लॅट घेणारे चांगले लोक आहेत. पैसे यायला अजून दोन महिने आहेत पण त्यांचं भाड्याच्या घराचं ऍग्रीमेंट संपतंय, तर म्हणतात फक्त सामान ठेवतो, किल्ली द्या. नाही म्हणायला जड जातं. (एक ज्येष्ठ वाचक, पर्वरी)

उत्तर : नाही म्हणा. सामान ठेवलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'लक्ष ठेवायला' झोपायला येतं, आठवड्यानं गॅस येतो, आणि मग ताबा कुणाचा हे कोर्टात ठरवावं लागतं. चांगले लोक आहेत हे मान्य, चांगल्या लोकांचंही लोन नामंजूर होतं, मग ते जातील कुठं? अगदीच अडलं असेल तर वकिलाकडून लिव्ह अँड लायसन्स करून घ्या, डिपॉझिट घ्या, भाडं घ्या. 'घरच्यासारखे' म्हणून फुकट देऊ नका. जड जात असेल तर माझ्यावर ढकला, सांगा माईनं नको म्हटलंय.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, एकटी. म्हापशाचा फ्लॅट विकला, पैसे बँकेत आहेत, सध्या बहिणीकडे राहते. जो फ्लॅट घ्यायचाय त्याच्या मालकानं त्यांचं लोन फेडून दोन महिने झाले पण बँक मूळ कागद देत नाही म्हणतात. इकडे कुणीतरी सांगितलं की पैसे असेच ठेवले तर टॅक्स लागेल. बहीण काही बोलत नाही पण किती दिवस राहायचं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : बाई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी कागदाचं. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला आदेश काढला, तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. लोन पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेनं मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदलेला बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. कागद बँकेकडून हरवले असतील तर दुय्यम प्रती काढायला मदत करायची आणि खर्च बँकेनं सोसायचा, त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. मालकांना म्हणावं हे सगळं लिहून ब्रँच मॅनेजरला अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की 'हेड ऑफिसला गेलेत' हेच ऐकू येणार, मी स्वतः कितीतरी जणांना हेच सांगितलंय, खोटं कशाला बोलू. लेखी अर्जात ५,००० चा आकडा दिसला की फाइल हलते.

एक शंका मात्र काढून घ्या, लोन खरंच पूर्ण फिटलंय ना? बरेचजण 'फेडलं' म्हणतात आणि दोन हप्ते बाकी असतात, किंवा तुमच्या पैशातून फेडायचा बेत असतो. लोन क्लोजरचं पत्र बघायला मागा. बाकी असेल तरीही घाबरायचं कारण नाही, तेवढी रक्कम थेट त्यांच्या बँकेच्या लोन खात्यात भरायची, मालकाच्या हातात नाही, आणि बँकेकडे कुठकुठले कागद आहेत त्याची यादी आधी घ्यायची. फ्लोटिंग रेटचं घरकर्ज असेल तर वेळेआधी फेडायला दंडही नसतो.

आता टॅक्स. फ्लॅट दोन वर्षांहून जास्त तुमच्याकडे होता असं धरते. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर जो नफा त्या घरात घातला त्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, म्हणजे वेळ आहे, रोज कॅलेंडर बघू नका. फक्त त्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर नफ्याची रक्कम साध्या सेव्हिंगमध्ये ठेवून चालत नाही, बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट उघडून त्यात टाकायची. हे लोक विसरतात आणि घर घेऊनही टॅक्स भरतात, फार वाईट वाटतं अशा वेळी. सगळा नफा घरात जाणार नसेल तर उरलेल्यावर १२.५ टक्के, आणि फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल तर महागाईचा हिशोब धरून २० टक्क्यांचा जुना मार्गही आहे, कुठला कमी पडतो ते सीएकडून काढून घ्या.

बहिणीचं म्हणाल तर दर महिन्याला किराणा तुम्ही भरायला लागा, न विचारता. ती बोलणार नाही, तुम्हीच मोकळ्या व्हाल.

प्रश्न : मुलगा लंडनला वेम्ब्लीत असतो. तिथं घर घेतोय, मालकानं हो म्हणून चार महिने झाले, अजून ताबा नाही, 'चेन आहे' एवढंच सांगतो. ऍडव्हान्सही दिलेला नाही म्हणतो, मला तर फसवणूक वाटतेय. (एक आई, डिचोली)

उत्तर : फसवणूक नाही हो, तिथली पद्धतच तशी. इंग्लंडमध्ये भाव ठरला, हो म्हटलं, तरी दोघांचे वकील करारांची अदलाबदल करेपर्यंत कुणीच बांधलेला नसतो, विकणाराही नाही आणि घेणाराही नाही. डिपॉझिट, साधारण १० टक्के, त्याच दिवशी देतात. म्हणून ऍडव्हान्स नाही. आणि विकणारा दुसरं घर घेत असतो, त्याचा विकणारा तिसरं, तेव्हा सगळ्यांची अदलाबदल बहुतेक एकाच दिवशी आणि घरं बदलायचा दिवसही एकच, दुपारपर्यंत किल्ल्या पुढं पुढं सरकत जातात. एकजण मागं फिरला की सगळे थांबतात. आपल्याकडे आधी टोकन, मग धावपळ, तिथं आधी धावपळ. मला त्यांचं बरं वाटतं एका अर्थी, पैसे तरी आपल्याकडे असतात. मुलाला विचारा सर्व्हे आणि लोनची ऑफर झालीय का, ऑफर कधी संपते. आणि रोज विचारू नका, त्याला तिथं रोज विचारणारा इस्टेट एजंट आहे.

प्रश्न : माई, लग्नाला दोन वर्षं झाली, कुडचड्याला नवीन फ्लॅट घेतोय, सेल डीड सारखं पुढं जातंय, आधी विकणाऱ्याची एनओसी, मग त्यांचं स्वतःचं नवीन घर तयार नाही. सासूबाई म्हणतात चवथ नवीन घरातच करायची, मूर्तीची ऑर्डर पण त्या पत्त्यावर दिलीय. नवरा आईला काही सांगत नाही. मी मध्ये सापडलेय. (एक वाचक, केपे)

उत्तर : अगं, चवथ तुमच्या मूळ घरात होत नाही का? आपल्याकडे बहुतेकांची मूळ घरातच असते, फ्लॅटला कुलूप लावून सगळे गावी जातात. तुमच्यात वेगळा गणपती आणायचा ठरलं असेल तर तो या वर्षीच आणायला हवा असं काही नाही, सुरू केला की दरवर्षी करावा लागतो हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांना नवीन घराची घाई नाही, मला वाटतं त्यांना आपली सून आपल्या देवाचं करेल ना याची घाई आहे. तेव्हा त्यांना सांग की आई, घाईत अर्धवट घरात गणपती आणून वरची फळाभाज्यांची माटोळी कुठं बांधायची, छताला साधे हूक नाहीत अजून. हे त्या लगेच ऐकतील बघ. मूर्तिकाराला आत्ताच फोन कर, पत्ता बदलायला त्याला काही वाटत नाही, शेवटच्या आठवड्यात मात्र तो फोनच उचलत नाही.

नवऱ्याला मात्र सांग की आईशी तू बोल. आणि विकणाऱ्यांचं घर तयार नाही ना, तर विचारा, डीड करून एक महिना भाड्यानं राहता का, लेखी, भाडं आणि उशिराचा दिवसाचा दंड लिहून. पुष्कळजण हो म्हणतात, कारण त्यांनाही पैसे हवेच असतात पुढच्याला द्यायला. पण तो महिना संपेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, लाख-दोन लाख ताब्याच्या दिवसासाठी राखून ठेवा, आणि ते डीडमध्ये कसं लिहायचं ते वकील सांगेल, लोन असेल तर बँकेलाही आधी विचारा. वीज खात्याचं शेवटचं बिल आणि घरपट्टीची पावती त्याच दिवशी घ्या.

माटोळीचे हूक सुतारापेक्षा वेल्डरकडून करून घे, भोपळा टांगला की लाकडी पट्टी वाकते.